सोमवारवाले बापू

बापू कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. 'होय, पण' म्हणणाऱ्याला पटवता येतं. बापू 'होय' म्हणतात आणि त्याला 'पण' लावत नाहीत, तारीख लावतात. "करायचंच की! येत्या सोमवारी." ऐकणारा समाधानानं घरी जातो. सोमवार उजाडतो, बापू दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात, आणि काम पुढच्या सोमवारवर ढकलून देवळाच्या पारावर येऊन बसतात.

असे बापू गावोगाव असतात. मी सांगतोय ते आटपाडीकडचे. चार एकर रान, त्यात थोडं डाळिंब, बाकी ज्वारी-बाजरी. दोन शेळ्या, एक खिलार गाय, आणि एक बायको, म्हणजे काकी, जिच्या जिवावर हे सगळं उभं आहे. घराच्या पत्र्याला भोक आहे. त्याखाली पावसाळ्यात पातेलं ठेवतात. पातेलं पोचे पडून बाद झालं तेव्हा काकींनी नवं पातेलं घेतलं. पत्रा तोच राहिला. भावाशी वाटणी व्हायची आहे. तिचा कागद करायला निघालेले तलाठी बदलून गेले, त्यांच्या जागी आलेलेही बदलून गेले. पण या किरकोळ गोष्टी झाल्या. बापूंचं नाव पंचक्रोशीत झालं ते खोंडामुळं.

गाय व्याली आणि गोऱ्हा झाला. काकींना कालवड हवी होती. बापू मात्र गोऱ्ह्याची गुलाबी नाकपुडी बघून हरखले. "आटपाडी महालचं रगत हाय ह्ये!" आटपाडी महाल म्हणजे औंध संस्थानाचा मुलूख, आणि तिथल्या खिलार जनावरांचं नाव तेव्हापासूनचं. बापूंनी तिसऱ्या दिवशी गोऱ्ह्याचं नाव ठेवलं, 'हिंदकेसरी'. बैलगाडा शर्यतीत याहून मोठं बिरुद नाही. हिंदकेसरी त्या वेळी स्वतःच्याच पायात पाय अडकून शेणात पडत होता. काकींनी त्याला तिथून उठवलं आणि नाव कापून 'हिंद्या' केलं.

गायीचे दोन सड गोऱ्ह्याला, दोन घराला, असा आमच्याकडं रिवाज. बापूंनी तीन गोऱ्ह्याला दिले. घरात चहा कोरा झाला आणि हिंद्या पाठीवर चकाकायला लागला.

काकींचा हिशोब सरळ होता. डाळिंबाच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर वळत नाही. कुळवाला, कोळप्याला बैलच लागतो. गोऱ्हा वेळेत बडवायचा, वेसण घालायची, कामाला धरायचा, आणि चुलत दिराच्या एकट्या बैलाशी वारंगुळा करून जोडी जुळवायची. गोऱ्हा सहा-सात महिन्यांचा असताना त्या म्हणाल्या, "अवो, वरच्या आळीला दवाखान्यातली मानसं आल्याती, जर्सीचं गोरं बडवाय. आपलंबी उरकून घ्या की."

"जर्सीचं निराळं आन् खिलाराचं निराळं," बापू म्हणाले. "आत्ताच चिमटा लावला तर मान भरायची न्हाई, वशिंड धरायचं न्हाई. गायीगत दिसंल. जरा खांदा फुटू दे. करायचंच की!"

आता यात खोटं काही नाही. मान, खांदा आणि वशिंड भरतं ते नरपणाच्या जोरावर. म्हणून ओढकामाचा खिलार चांगला अंगानं भरल्यावर, दोन-चार दात आल्यावर बडवायची जुनी रीत आहेच. थापाड्यात आणि बापूंत फरक आहे तो इथं. बापूंची सबब कधीच खोटी नसते. ती फक्त वेळ उलटून गेली तरी चालू असते.

दातांचं प्रकरण दीड वर्ष चाललं. जनावराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठ असतात, आणि त्यांवरून वय सांगतात. सगळे दुधाचे असले की 'आदत'. साधारण दोन वर्षांनी मधली जोडी पडून पक्के दोन आले की 'दुसा'. त्यानंतर वर्षाच्या आसपास आणखी दोन आले की 'चौसा'. बापू येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंद्याचा ओठ खाली ओढून दात दाखवत. पोस्टमनला दाखवले, वीजबिलवाल्याला दाखवले, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना मुलीच्या आधी दाखवले. "आदत हाय. दुसा झाला की उरकायचं." हिंद्या दुसा झाला. बापूंनी पेढे वाटले आणि म्हणाले, "चौसा झाला की उरकायचं." खोंडाचे दात पडायची वाट बघता बघता बापूंच्याच दोन दाढा पडल्या. दाढेसाठी डॉक्टरकडं जाणंही सोमवारी ठरलेलं होतं.

हंगामाचंही तसंच. पावसाळ्यात माशी बसते, जखमेत किडे पडतात. खरं आहे. उन्हाळ्यात जनावर आधीच तापलेलं असतं. तेही खरं. हिवाळा या कामाला सगळ्यात चांगला, हे बापूच लोकांना सांगतात. पण हिवाळ्यात पौष येतो आणि पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा. यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार म्हणजे बापूंचं माहेर. तिथं खोंड मिरवायचा तर अंडीलच मिरवायला हवा. बडवलेल्याच्या पाठीवर थाप मारायला कोण थांबतं? अशा रीतीनं वर्षाचे तिन्ही हंगाम बाद झाले. चौथा हंगाम देवानं केलेला नाही, याचं बापूंना मनापासून वाईट वाटतं.

आणि सोमवार? सोमवारी काकी आठवण करायच्या. बापू कानाला हात लावायचे. "आज म्हादेवाचा वार! नंदीच्या पोराला आज हत्यार दावू?"

पारावर बसणारे निवृत्त गुरुजी एकदा चिडले. "मग सोमवार ठरवतोस कशाला?"

"वार चांगला हाय म्हनून की, गुरुजी. आन् जरा नंदीचा इचार करा. गावोगावच्या देवळात नंदी बसलाय, त्याला चिमटा लावलाय का कुनी? मानसं त्याच्या आंडाला हात लावून शिंगातनं पिंड बघत्यात. हात लावायला तितं कायतरी पायजे का नको?"

गुरुजींनी तीस वर्षं शाळेत शंका फेडल्या होत्या. ही त्यांना फेडता आली नाही. पण ते हरणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते तयारीनं आले. "बापू, वळू असा मोकळा ठेवायचा नसतो. 1933 सालीच मुंबई सरकारनं कायदा केलाय. वळू पाळायचा तर परवाना काढायचा, नाहीतर सरकार खच्ची करायला लावणार. हलक्या वळूंनी जात बिघडते म्हणून."

बापू शांतपणे म्हणाले, "विंग्रज गेलं की वो, गुरुजी."

शर्यतीचं स्वप्न तर कायद्याच्या आधारावरच उभं होतं. सुप्रीम कोर्टानं 2014 साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा बापूंच्या दावणीला एक चांगला खोंड होता. शर्यत आज सुरू होईल, उद्या होईल, म्हणत त्यांनी त्याला अंडीलच ठेवला. 2017 मध्ये विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला. बापूंनी खोंडाला बदामाचा खुराक चालू केला. प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. बदाम बापूंनी खाल्ले. 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली तोवर तो खोंड म्हातारा होऊन गेला होता. हिंद्या मात्र परवानगीनंतरचा. 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं दुरुस्त कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, ती बातमी बापूंनी हिंद्याला वाचून दाखवली. आता फक्त हिंद्याला पळायला शिकवायचं बाकी होतं. ते येत्या सोमवारपासून.

दरम्यान पळायला शिकवण्याचं काम हिंद्यानं स्वतःवर घेतलं, आणि पळत होते बापू. वेसण टोचायलाही 'जरा नाकाडं भरू दे' म्हणून मुहूर्त निघालेला नव्हता. नुसत्या म्होरकीवर आणि कासऱ्यावर अडीच वर्षांचा खोंड, म्हणजे कासऱ्याच्या एका टोकाला मर्जी आणि दुसऱ्या टोकाला बापू. सकाळी तळ्याकडं निघालेले बापू दुपारी शेजारच्या गावाच्या हद्दीत सापडत. "कुठं निघालाय, बापू?" कुणी विचारलं तर ते मागं झुकून, टाचा जमिनीत रोवून, घसरता घसरता सांगत, "जरा पाय मोकळं करायला!"

मग आबांच्या गायीचं प्रकरण झालं. आबा म्हणजे आधुनिक शेतकरी. एचएफ गाय, फरशीचा गोठा, भिंतीवर लसीकरणाचं कोष्टक. गाय माजावर आली तशी त्यांनी दवाखान्यात जाऊन कांडी भरून घेतली. नायट्रोजनच्या टाकीत उणे 196 अंशांत जपलेली, नामांकित वळूची कांडी. तिची पावती त्यांनी फायलीत लावली. त्याच रात्री हिंद्यानं दावं तोडलं. सकाळी तो आबांच्या फरशीवर निवांत रवंथ करत बसलेला सापडला. पुढं नऊ महिन्यांनी गाय व्याली. वासरू पाठीवर वशिंडाचा उंचवटा घेऊन आलेलं, उभ्या कानाचं. आबा एकदा पावतीकडं बघत आणि एकदा वासराकडं. बापू नारळ, ब्लाऊजपीस आणि अर्धा किलो बर्फी घेऊन बारशाला यावं तसे गेले. आबांनी बर्फी घेतली आणि आठ दिवसांत खोंडाचा बंदोबस्त झाला नाही तर पंचायतीत अर्ज देतो, असं बजावलं.

"अर्जाची गरज न्हाई, आबा," बापू म्हणाले. "येत्या सोमवारी."

बापूंना खोंडाची दया येते म्हणून ते टाळतात, असं गावाला वाटे. थोडी दया होतीही. लहानपणी त्यांनी जुनी पद्धत पाहिली होती. खोंडाला पाडून चार माणसं छाताडावर बसायची आणि पाचवा दोन लाकडांच्या मध्ये धरून ठेचायचा. ते ओरडणं शिवेपलीकडं ऐकू जाई. पण खरं कारण दुसरं होतं. बापूंच्या आयुष्यातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार एकर चारच राहणार होते, पोरगं पुण्यात कुरिअरच्या गाडीवर होतं, विहिरीला लागायचं तेवढं पाणी लागलं होतं. दावणीला बांधलेला हा एक जीव असा होता, ज्याचं अजून काहीही होऊ शकत होतं. हिंदकेसरी होईल, पंचक्रोशीचा वळू होईल, यात्रेत कुणी लाखांचा आकडा बोलेल. चिमटा लागला की तो कुळवाचा बैल होणार, आणि बापू कुळव हाकणारे बापू. दोन्ही गोष्टी आधीपासूनच तशा होत्या. पण त्यावर अजून सही झाली नव्हती.

काकींनी सहीची तयारी केली. त्या स्वतः दवाखान्यात गेल्या आणि बापूंना बरोबर नेलं.

दवाखान्यात नव्या डॉक्टर मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांना बघून बापूंची जीभ अडली. "त्ये आपलं... आमच्या खोंडाचं जरा... त्ये ह्ये करायचं हुतं."

"खच्चीकरण का?"

बापूंनी मागं वळून कुणी ऐकलं तर नाही ना ते पाहिलं. "व्हय. म्हंजे तसंच कायसं."

मॅडमनी टेबलावर हातभर लांबीचा लोखंडी चिमटा ठेवला. बापू खुर्चीसकट मागं सरकले. मॅडम समजावून सांगू लागल्या. हा बर्डिझोचा चिमटा. इटलीतल्या त्या नावाच्या पशुवैद्यानं शोधून काढला. कातडी फाटत नाही, रक्ताचा थेंब येत नाही. आत जी शुक्राची दोरी असते तेवढीच चेंगरली जाते, रक्तपुरवठा तुटतो, आणि महिना-दीड महिन्यात गोळी आपोआप आक्रसते. आधी भूल देते. पूर्वीची ठेचायची पद्धत आता चालत नाही, 1960 चा प्राण्यांच्या छळाचा कायदा आहे. एकच सांगते, जनावर पाडायचं असतं, पोट भरलेलं नको. फुगतं, नाहीतर चारा उलटून श्वासनलिकेत जातो. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवा. गुरुवारी येते.

गुरुवार म्हटल्यावर बापूंना निम्मा धीर आला. आपला वार नव्हे.

बुधवारी रात्री काकींनी गव्हाण रिकामी केली आणि त्या झोपल्या. मध्यरात्री बापू उठले. हिंद्या गव्हाण चाटत होता. बापूंनी पेंढी-पेंढी करत ओलं कडवळ घातलं, वर गुळाचा खडा, वर भिजवलेली पेंड. फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटचं जेवण विचारून देतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. सकाळी मॅडम आल्या, त्यांनी हिंद्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. कूस टम्म होती. मॅडमनी काकींकडं पाहिलं, काकींनी बापूंकडं पाहिलं, बापूंनी आभाळाकडं पाहिलं.

"आज नाही जमणार," मॅडम म्हणाल्या.

"मग सोमवारी?" बापूंनी उत्साहानं विचारलं.

"उद्याच," काकी म्हणाल्या. आणि त्या रात्री त्यांनी गोठ्याच्या दारात खाट आडवी टाकली. बापू दोनदा उठले. दोन्ही वेळा खाटेवरून आवाज आला, "पानी पायजे का?" बापूंनी दोन्ही वेळा पाणी प्यायलं.

शुक्रवारी सकाळी अंगणात पाचटाची जाड गादी घातली होती आणि निम्मं गाव जमलं होतं. जनावर पाडायचं म्हटलं की आमच्या गावात प्रत्येक बाप्या पैलवान असतो आणि प्रत्येक पैलवानाची पद्धत वेगळी असते. एकानं शेपटी पिरगाळली. दुसऱ्यानं शिंग धरलं. तिसऱ्यानं 'पुढचा पाय उचला' म्हणून मागचा उचलला. बैलांना पत्र्या ठोकणाऱ्याच्या हाताखाली एकदा काम केलेला एकजण 'मला सगळं ठावं हाय' म्हणत पोटाखाली शिरला आणि दुसऱ्या बाजूनं वेगात बाहेर आला. हिंद्यानं मान एकदाच हलवली. शिंगवाला कडब्याच्या गंजीत गेला, शेपटीवाला खताच्या खड्ड्यात. बापू बाजूला उभे राहून समाधानानं म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं का? रगत हाय! ऱ्हाऊ द्या आज."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि लांब चऱ्हाट मागितलं. पुढचा कासरा खांबाला आखूड बांधून घेतला. चऱ्हाटाचा न आवळणारा फास गळ्यात घातला. तोच दोर पाठीवरून मागं नेऊन खांद्यामागं छातीभोवती एक वेढा दिला आणि दोराखालून काढून घेतला. तसाच दुसरा वेढा मागच्या मांड्यांच्या पुढं, कमरेभोवती, नाजूक जागा मोकळी ठेवून. उरलेलं टोक सरळ मागं. "दोघंच या. झटका द्यायचा नाही. एकसारखं, सरळ मागं ओढायचं." दोघांनी ओढलं. हिंद्यानं क्षणभर विचार केला, गुडघे दुमडले, आणि लग्नाच्या पंगतीत पाट मांडल्यावर बसावं तसा तो पाचटावर बसला, मग आडवा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी छाताडावर बसलं नाही. खताच्या खड्ड्यातून एक डोकं वर आलं आणि म्हणालं, "ह्येच मी सांगत हुतो."

मान धरायला ओळखीचं माणूस हवं. बापू डोक्याशी बसले. तोंड जरा खाली कललेलं ठेवा, लाळ बाहेर जाऊ दे, असं मॅडमनी सांगितलं. बापूंनी हिंद्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायला लागले. मला वाटलं मंत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर ते त्याला शर्यतीच्या निकालाची बातमी पुन्हा सांगत होते.

भुलीचं इंजेक्शन झालं. मॅडमनी थोडा वेळ जाऊ दिला. मग चिमटा उचलला. त्या क्षणी अंगणातले सगळे बाप्ये, तरणे काय आणि म्हातारे काय, एकदम हात पुढं बांधून, गुडघे जवळ घेऊन उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी पुढं धरली. भिंतीपलीकडं बायका फिदीफिदी हसल्या.

मॅडमनी डावी दोरी बोटांनी कातडीच्या कडेला सरकवून धरली, चिमटा बसवला, दाबला, मनात आकडे मोजले, सोडला. हिंद्या जरा फुरफुरला. बस्स. "दोन्ही एका रेषेत घ्यायच्या नसतात," त्या मदतनीस पोराला शिकवत होत्या. "एक वर, एक खाली. मधली जागा सोडायची. नाहीतर कातडीचं रक्तच तुटतं आणि पिशवी सडते." त्यांनी चिमटा उजव्या बाजूला नेला.

"मॅडम," बापू घाईनं म्हणाले, "एक इच्यारू?"

"विचारा."

"एक झालं न्हवं? दुसरं बेंदराला केलं तर?"

अंगण थांबलं. मॅडमनी चिमटा हातात धरून बापूंकडं पाहिलं. त्यांच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नसावं.

"बापू, एक राहिलं तरी तो वळूच राहतो."

"तर मग!" बापू उजळले. "निम्मं तुमचं ऐकलं, निम्मं माजं."

"मॅडम, तुमी करा," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी आपला तळवा बापूंच्या तोंडावर ठेवला.

झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दोर सोडले. हिंद्या उठला, अंग झाडलं, आणि रिकाम्या गव्हाणीकडं जाऊन रागानं हंबरला. त्याचं म्हणणं त्या दिवशी फक्त जेवणाबद्दल होतं.

पुढचे दिवस बापूंनी गोठ्यात काढले. सूज येणार हे मॅडमनी सांगितलं होतं. बापू ती दिवसातून चारदा बघत आणि मॅडमना फोन करत. "मॅडम, काल मोसंबीएवढी हुती, आज जरा चपाटलीया." मॅडम जेवत असत. सूज उतरली, हिंद्या हळूहळू फिरायला लागला. एकदा फोनवर मॅडमनी बजावलं, "अजून दीड-दोन महिने गायींपासून लांब ठेवा. आधीचं शिल्लक असतं, गाभण राहू शकते."

बापू फोन ठेवून पारावर आले ते ताठ मानेनं. "अजून दीड-दोन म्हैनं हायती," त्यांनी जाहीर केलं. आबांनी त्याच संध्याकाळी गोठ्याला लोखंडी फाटक बसवलं.

फाल्गुनात वेसणही घातली गेली. त्यासाठी काकींनी वार विचारलाच नाही. हिंद्या कामाला धरला. पहिल्या दिवशी तास वाकडं गेलं, आठवड्यात सरळ झालं. त्याच्यापेक्षा बापूंना सरळ चालायला जास्त दिवस लागले, कारण त्यांना कासऱ्यामागं धावायची सवय होती. डाळिंबाच्या ओळी स्वच्छ झाल्या. काकींनी चहात दूध घातलं. आणि बापू, ज्यांनी तीन वर्षं सगळ्यांना वाट बघायला लावली, ते आता पारावर पोरांना सांगू लागले, "खोंड वेळंत बडवावा. मानसं उगं लांबवत्यात."

तेवढ्यात चुलत दिरानं आपला बैल विकला आणि वारंगुळा मोडला. एकट्या बैलाचा कुळव चालत नाही. चैत्रात खरसुंडीची दुसरी, चैत्री यात्रा भरली. काकींनी शेळ्या विकून आलेले पैसे बापूंच्या हातात मोजून दिले आणि चार गोष्टी चार बोटांवर सांगितल्या. चौसा असावा. बडवलेला असावा. वेसण घातलेली असावी. कामाला धरलेला असावा. बापूंनी चारही बोटं स्वतःच्या हातावर मोजून घेतली आणि ते गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोतून उतरलं ते आदत खोंड. पांढरं, गुलाबी नाकपुडीचं, नाकात काही नाही, तोंडावर नुसती लाल गोंड्याची म्होरकी. उतरल्या उतरल्या त्यानं तुळशीवृंदावनाला धडक दिली.

"काय चाल हाय बघितलीस?" बापू म्हणाले. "ह्याचा आजा पुसेगावच्या मैदानात पळालेला. आपला हिंद्या कुळवाला, आन् ह्यो..."

"आन् कुळवाला जोडी?"

"त्ये करायचंच की! जरा दात पडू दे."

काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बापूंच्या खिशातला मोबाईल काढला, नंबर शोधला आणि अंगणातच फोन लावला.

"मॅडम, मी बोलत्ये. हिंद्याच्या घरनं. व्हय, त्येच. आनि एक आलंय बगा... तुमी वार सांगा, सोमवार सोडून." मग त्यांनी खोंडाला चुचकारणाऱ्या बापूंकडं बघितलं. "न्हाई न्हाई, पोट रिकामं असतंय बगा. ह्या टायमाला दोघास्नीबी उपाशी ठेवत्ये."